एका डोळ्याचा हिशेब

(नेत्रविभागाच्या दाते व पालक मेळाव्यात रुग्णालय व्यवस्थापनातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय विषयावर डॉक्टरांनी बोलावे आणि व्यवस्थापनाने जमाखर्च सादर करावा, अशी आपल्याकडील रीत आहे. आज ती मोडली जात आहे, ती डॉक्टरांच्याच आग्रहावरून. त्यांचे म्हणणे असे की, मुलांच्या आळशी डोळ्याचा उपचार जितका चष्म्याचा व पट्टीचा आहे, तितकाच तो वेळापत्रकाचा, बसभाड्याचा आणि नोंदवहीचा आहे. शेवटच्या तिन्ही गोष्टी कार्यालयाच्या अखत्यारीतील असल्याने त्याविषयी कार्यालयाने बोलावे. आम्ही वाणिज्य शाखेची माणसे आहोत. डोळ्याचे शास्त्र आम्ही डॉक्टरांकडून ऐकून शिकलो. जे समजले ते साध्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

या विकाराला वैद्यकशास्त्रात ॲम्ब्लायोपिया म्हणतात. बोलण्यात 'आळशी डोळा' हे नाव रूढ झाले आहे. नाव सोपे असले तरी त्यात मुलावर थोडा अन्याय होतो, कारण आळस ना डोळ्याचा असतो, ना मुलाचा. मूल जन्मते तेव्हा त्याला पाहता येत असते, पण स्पष्ट पाहावयास ते पुढील काही वर्षांत शिकते. डोळा चित्र पाठवितो आणि त्या चित्राचा अर्थ लावण्याचे काम मेंदू शिकत जातो. दोन्ही डोळ्यांकडून सारखी स्वच्छ चित्रे आली तर दोघांचे शिक्षण बरोबरीने होते. एका डोळ्याकडून सतत पुसट चित्र आले, तर मेंदू त्या चित्राची दखल घेणे हळूहळू सोडून देतो.

आमच्या व्यवसायातील दाखला द्यायचा तर दोन भागीदारांची एक पेढी डोळ्यांसमोर आणावी. दोघांकडून रोज पत्रे येतात. एकाचे अक्षर स्वच्छ, दुसऱ्याचे पुसट. मुनीम काही दिवस दोघांची पत्रे वाचतो. पुढे पुसट अक्षराची पत्रे न फोडताच बाजूला ठेवू लागतो. कित्येक वर्षांनी त्या भागीदाराचे अक्षर सुधारले तरी ते वाचण्याची सवयच मुनिमाला उरलेली नसते. वाढत्या वयात पहिल्यांदा योग्य नंबरचा चष्मा लावूनही आळशी डोळ्याला स्पष्ट का दिसत नाही, याचे उत्तर यात आहे. काच स्वच्छ चित्र देते, परंतु ते वाचणारा सरावात नसतो.

हा विकार प्रामुख्याने तीन कारणांनी होतो. पहिले कारण तिरळेपणा. डोळे दोन दिशांना पाहू लागले की दोन निरनिराळी चित्रे मेंदूकडे जातात आणि गोंधळ टाळण्यासाठी मेंदू त्यांतील एक नाकारतो. दुसरे कारण चष्म्याचा नंबर. विशेषतः एका डोळ्याचा नंबर जवळजवळ शून्य आणि दुसऱ्याचा मोठा अशी तफावत. तिसरे कारण प्रकाशाची वाटच अडणे, जसे जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुलीवर लोंबणारी पापणी. तिसरा प्रकार क्वचित आढळतो, पण सर्वांत गंभीर असतो. एका डोळ्याला जन्मजात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया बाळाच्या वयाच्या पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी लागते.

यांतील तिरळेपणा चारचौघांना दिसतो. त्याबद्दल आपल्याकडे दोन परस्परविरोधी समजुती आहेत. कोणी त्यास भाग्याचे लक्षण मानतात आणि कोणी मुलाला हिणवतात. 'मोठेपणी आपोआप सरळ होईल' हे वाक्य मात्र दोन्ही प्रकारच्या घरांत ऐकू येते. पहिल्या काही महिन्यांत बाळाची नजर अधूनमधून इकडेतिकडे जाते, ते स्वाभाविक आहे. चार महिन्यांनंतरही डोळा तिरपा जात असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

नंबरातील तफावतीचा प्रकार अधिक फसवा असतो, कारण त्यात बाहेरून काहीच दिसत नाही. मूल एका चांगल्या डोळ्यावर वाचते, लिहिते, धावते, विटी-दांडू खेळते आणि पहिला नंबरही काढते. ते तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने इतरांना किती दिसते याची त्याला कल्पनाच नसते. आई-वडिलांना नाही, गुरुजींना नाही आणि स्वतः मुलालाही नाही, असे तिघांच्याही नजरेआड राहणारे हे अपंगत्व आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार शंभर मुलांमागे साधारणपणे एक ते तीन मुलांत हा विकार आढळतो. गावच्या प्राथमिक शाळेत शंभर मुले असतील, तर त्यांत असे एखादे मूल असण्याची शक्यता गृहीत धरूनच आपण चालले पाहिजे.

आता हिशेबाकडे वळतो. आपल्या देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यातून देशभर, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातही, मोतीबिंदूच्या असंख्य रुग्णांना दृष्टी परत मिळाली. हे काम थोर आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. परंतु अंधत्वाची मोजणी चांगल्या डोळ्यावरून होते, हे ध्यानी घ्यावे. पूर्वी चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० हून कमी असणाऱ्यास अंध मानीत. २०१७ साली ही मर्यादा ३/६० अशी ठरली. दोन्ही व्याख्यांत एक डोळा ठीक असलेले मूल बसत नाही. अपंगत्वाच्या सवलतींसाठी २०१६च्या कायद्याने किमान ४० टक्के ही मर्यादा घातली आहे. एक डोळा चांगला असलेली व्यक्ती त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. तात्पर्य, आळशी डोळ्याचे मूल अंधांच्या यादीत नाही आणि दिव्यांगांच्या यादीतही नाही. जे कोणत्याच रकान्यात मांडले जात नाही, त्याच्यासाठी तरतूदही सहसा होत नाही. कार्यालयात काम करणाऱ्या कोणासही हा अनुभव नवा नाही.

एक डोळा चांगला असताना इतकी चिंता कशासाठी, असा प्रश्न दात्यांनी विचारावा आणि तो रास्तही आहे. पहिले उत्तर असे की, खोलीचा सूक्ष्म अंदाज दोन डोळ्यांच्या मेळातून येतो. तो नसला की काही कामे अवघड होतात आणि काही नोकऱ्यांची दारे बंद होतात. पोलीस, सैन्य वा रेल्वे यांच्या भरतीत धावण्याची परीक्षा उत्तम रीतीने पार केलेला तरुण वैद्यकीय तपासणीत अडतो आणि आपला एक डोळा लहानपणापासून अधू होता, हे त्याला वयाच्या विशीत प्रथमच कळते. वर्षभर पहाटे उठून केलेल्या तयारीचे मोल त्या एका कागदावर संपते.

दुसरे उत्तर आपल्या शेतीच्या जिल्ह्याला अधिक लागू आहे. ज्याचा एक डोळा अधू आहे त्याची सारी दृष्टी एकाच डोळ्याच्या भरवशावर असते. आपल्याकडे कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके आहेत. वेचणीच्या वेळी पऱ्हाटीचे टोक डोळ्यात जाते, तुरीची काडी लागते, थ्रेशरवर काम करताना कुटाराचा कण उडतो. अशी जखम चिघळली की बुबुळावर फूल पडते. दोन चांगले डोळे असलेल्या माणसास हा अपघात दुःखद असतो. ज्याचा उरलेला एकच डोळा जखमी होतो, तो मात्र त्या दिवसापासून परावलंबी होतो. घर चालविणारा माणूस एका काडीने घरी बसतो. विलायतेत या प्रश्नाचा अभ्यास झाला आणि आळशी डोळ्याच्या व्यक्तींना चांगला डोळा गमावण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. आपल्या शेतशिवारात सावधगिरीची साधने कमी आणि काम जोखमीचे, हे आपण सर्व जाणतो. दुसरा डोळा हा माणसाचा राखीव निधी आहे. तो बालपणीच उभा करावा लागतो, नंतर उभारता येत नाही.

'बालपणीच' या शब्दामागे शास्त्र आहे. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लाचा एक डोळा पहिले काही महिने बंद ठेवला आणि नंतर उघडला, तेव्हा डोळा निरोगी असूनही मेंदूतील पेशी त्याला प्रतिसाद देईनाशा झाल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवून तसा परिणाम झाला नाही. पाहणे शिकण्याची एक मुदत असते, हे यातून सिद्ध झाले. त्या दोघांना १९८१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग ही मुदत केव्हा संपते? सात वर्षांपूर्वी उपचार सुरू झाल्यास उत्तम, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. परंतु आठव्या वाढदिवसाला दार बंद होते, ही समजूत आता उरलेली नाही. अमेरिकेत ७ ते १७ वर्षे वयाच्या ५०७ मुलांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७ ते १२ या वयोगटात चष्म्यासह पट्टी व थेंबांचे उपचार घेतलेल्यांपैकी ५३ टक्के मुलांची दृष्टी तक्त्यावर किमान दोन ओळींनी सुधारली. केवळ चष्मा घेतलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. १३ ते १७ वर्षांच्या गटात एकंदर फरक नगण्य ठरला. मात्र ज्यांनी पूर्वी कधीच उपचार घेतले नव्हते, त्यांच्यापैकी ४७ टक्के मुलांना लाभ झाला. पालकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. मूल दहा वर्षांचे झाले म्हणून हताश होऊ नये, आणि मूल चार वर्षांचे आहे म्हणून निवांत राहू नये.

उपचार काय असतो, हेही सांगितले पाहिजे, कारण शस्त्रक्रिया व मोठा खर्च यांच्या भीतीने काही कुटुंबे तपासणीलाच येत नाहीत. पहिली पायरी चष्म्याची. डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करून नंबर काढतात आणि तो चष्मा मुलाने दिवसभर लावायचा असतो. केवळ चष्म्याने काही महिन्यांत दृष्टी सुधारते. दोन डोळ्यांच्या नंबरात तफावत असलेल्या लहान मुलांच्या एका अभ्यासात चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक मुलांचा विकार निव्वळ चष्म्यानेच बरा झाल्याचे आढळले.

दुसरी पायरी पट्टीची. चांगला डोळा रोज ठरावीक वेळ झाकायचा, म्हणजे मेंदूला अधू डोळ्याचे ऐकावेच लागते. हा उपाय नवा नाही. ब्युफाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४३ साली तो लिहून ठेवला आहे. नवीन आहे ते वेळेचे प्रमाण. पूर्वी दिवसभर पट्टी लावण्याचा आग्रह असे. २००३ साली सिद्ध झाले की, सात वर्षांखालील मुलांत मध्यम प्रमाणातील विकारात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरते आणि तीव्र विकारात सहा तासांची पट्टी दिवसभराच्या पट्टीइतकी. ही बातमी आपल्या मातांसाठी मोलाची आहे. शाळेतून आल्यावर दोन तास, घरच्या ओसरीवर, चिडविणाऱ्यांच्या नजरेआड, असा उपचार होऊ शकतो. जे मूल पट्टी ठेवीतच नाही, त्याच्या चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे औषध घालून ती नजर तात्पुरती धूसर करण्याचा पर्याय डॉक्टर देऊ शकतात. मध्यम विकारात तोही पट्टीच्या तोडीचा असल्याचे २००२ साली दिसून आले. तिरळेपणाची शस्त्रक्रिया डोळे सरळ करते, परंतु आळशी डोळ्याचे शिक्षण तिने होत नाही. त्यासाठी चष्मा व पट्टी लागतेच.

पट्टी प्रथमच पाहणाऱ्या आया बहुधा एकच प्रश्न विचारतात : "बाई, चांगलाच डोळा झाकून ठेवला तं पोरगी पाहीन कशानं?" आमच्या परिचारिका भगिनींचे उत्तर असते, "कच्च्या डोळ्यानंच पाहीन माय, म्हणून तं चांगला झाकला." या दोन वाक्यांत साऱ्या उपचाराचे मर्म आहे. मात्र आईच्या प्रश्नातील काळजीही खरी आहे. पहिले काही आठवडे मूल अडखळते, चिडते, पट्टी ओढून काढते. मे महिन्याच्या उन्हात घामाने पट्टी निसटते आणि कातडीला खाज सुटते. मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडचण येईल, असे घरातील वडीलधारे सुचवितात. चष्मा मोडला की नवा येईपर्यंत उपचार थांबतो. यांतील एकही अडचण वैद्यकशास्त्राची नाही, पण यांतील कोणतीही एक उपचार बुडवू शकते.

त्यात भर पडते ती फेऱ्यांची. पट्टी सुरू असताना काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा तपासणी लागते. सुधारणा किती झाली हे पाहावे लागते, आणि झाकून ठेवलेल्या चांगल्या डोळ्याची नजर उतरत नाही ना, हेही पाहावे लागते. उपचार यशस्वी होऊन थांबविल्यावरही जवळपास चौथ्या हिश्शाच्या मुलांत वर्षभरात विकार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून बरे झाल्यावरही यावेच लागते. आष्टी वा कारंजा तालुक्यातील, किंवा समुद्रपूरच्या टोकाच्या गावातील आईने मुलाला घेऊन दर वेळी यावे, ही अपेक्षा कागदावर लिहिणे सोपे आहे. मार्च २०२३पासून महिलांना एस. टी.त निम्मे भाडे आकारले जाते, याचा मोठा आधार झाला आहे. तरीही वेचणीच्या दिवसांत एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे आणि मुलाची शाळा बुडणे. पहिल्या फेरीत मूल बरे झालेले दिसत नाही, दुसऱ्या फेरीतही फारसे दिसत नाही. मग तिसरी फेरी कशासाठी, असे त्या माउलीला वाटले तर तिचा दोष काय?

वर उल्लेखिलेल्या परदेशी अभ्यासांत मुले ठरल्या वेळी तपासणीला यावीत याची काटेकोर व्यवस्था होती. चष्मा, पट्टी आणि औषध आपल्याकडेही तेच आहे. कमतरता आहे ती त्या व्यवस्थेची. आमच्या मते आजच्या मेळाव्याचा मुख्य विषय हाच आहे.

मूल शोधून काढण्याच्या यंत्रणेचा पाया घातला गेला आहे, याचा कृतज्ञतेने उल्लेख केला पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा आरोग्य तपासणी फिरत्या पथकाने करावी, अशी योजना आहे. डोळ्यांचे दोष त्या तपासणीच्या यादीत आहेत. पूर्वी शालेय नेत्रतपासणीचा मुख्य भर १० ते १४ वर्षांच्या मुलांवर असे. चष्म्याची गरज शोधण्यास ते वय योग्य होते, पण आळशी डोळ्यासाठी बरेच उशिराचे. आता अंगणवाडीपर्यंत पथक जाते, ही जमेची बाजू आहे. तथापि एका पथकाकडे अनेक गावे आणि अनेक आजार असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाची नजर एकेक डोळा झाकून तपासण्यास सवड व हातोटी लागते. तेथे आपल्यासारख्या रुग्णालयाने हातभार लावणे अगत्याचे आहे.

आपल्या जिल्ह्याला अशा कामाची परंपरा आहे. १९४५ साली सेवाग्रामात कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले, ते डॉ. सुशीला नायर यांच्या परिश्रमांतून. पुढे गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, तेथेच ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९८०च्या दशकात त्या परिसरातील गावकऱ्यांनी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने आपली वर्गणी भरून आरोग्य विमा चालविला. आमच्यासारख्या हिशेबनिसांना त्या योजनेचे विशेष अप्रूप वाटते. आजार येण्यापूर्वी, हाती धान्य असताना भरणा करावा आणि गरजेच्या वेळी त्याचा आधार घ्यावा, हे तत्त्व ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. बालकाच्या डोळ्याचाही भरणा वेळेपूर्वीच करायचा आहे.

आता विश्वस्त मंडळापुढे व दात्यांपुढे आमचे निवेदन. सर्वसाधारणपणे नेत्रशिबिरांच्या अहवालात दोन आकडे ठळकपणे छापले जातात : किती जणांची तपासणी झाली आणि किती चष्मे वाटले. मोतीबिंदूच्या कामात शस्त्रक्रियांचा आकडा पुरेसा बोलका असतो, कारण शस्त्रक्रिया झाली की बहुतांशी काम झाले. आळशी डोळ्यात मात्र तपासणी म्हणजे फक्त खाते उघडणे. खाती किती उघडली यावरून कोणी पेढीची पारख करीत नाही. म्हणून आम्ही असे सुचवितो की, या कामासाठी स्वतंत्र नोंदवही असावी आणि वार्षिक अहवालात तिचे चार रकाने छापावेत : विकार आढळलेली मुले, चष्मा मिळालेली मुले, ठरल्याप्रमाणे परत येत राहिलेली मुले आणि दृष्टी सुधारलेली मुले. पहिल्या रकान्यापेक्षा चौथ्यातील आकडा बराच लहान असेल. तो पाहून दात्यांनी नाराज होऊ नये, पण त्याविषयी दरवर्षी विचारणा अवश्य करावी. या दोन रकान्यांतील अंतर दरसाल किती कमी झाले, हीच आपल्या कामाची खरी शिल्लक.

दुसरी सूचना निधीची. धर्मादाय रुग्णालयांना कायद्यानुसार निर्धन रुग्ण निधी ठेवावा लागतो आणि त्यातून गरीब रुग्णांच्या बिलाचा भार हलका होतो. आळशी डोळ्याच्या मुलाचे बिल मुळात लहानच असते. त्याचा उपचार अडतो तो घर ते रुग्णालय या वाटेवर. म्हणून देणगीदारांनी यंत्रसामग्रीबरोबर काही रक्कम 'पाठपुरावा' या शीर्षकाखाली द्यावी, ही विनंती. तीतून आई व मुलाचे प्रवासभाडे, मोडलेला चष्मा त्वरित बदलून देणे, वाढत्या चेहऱ्यासाठी नवी फ्रेम, पट्ट्यांचा साठा आणि न आलेल्या मुलाच्या घरी दूरध्वनी किंवा प्रत्यक्ष भेट, एवढे भागवावे. या खर्चाची संगमरवरी पाटी लागणार नाही, कोनशिला बसणार नाही. वर्तमानपत्रात छायाचित्र छापण्याजोगेही त्यात काही नाही. अशा खर्चाला देणगी मागणे व्यवस्थापनाला नेहमीच अवघड जाते. तरीही आज ती आम्ही मागत आहोत, कारण येथे लहान रक्कम योग्य वेळी पडली तर तिचे फळ मूल पुढची पन्नास-साठ वर्षे उपभोगणार आहे.

तिसरी सूचना जागेची. विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. शाळा उघडल्यानंतरचे पहिले दोन महिने पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी आणि गावच्या अंगणवाडीसाठी राखावेत. अंगणवाडी सेविका, आशा ताई आणि शिक्षक यांना नजर तपासण्याची रीत शिकवावी. गुरुजींनी पट्टी लावलेल्या मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, आणि वर्गाला दोन वाक्यांत सांगावे की ही पट्टी डोळ्याच्या शिक्षणासाठी आहे. चिडविणे थांबले की उपचार टिकतो.

शेवटी पालकांशी चार शब्द. आपल्या मुलाचा एक डोळा तळहाताने झाकून त्याला भिंतीवरील दिनदर्शिकेतील आकडे किंवा चित्रे ओळखायला सांगावे, आणि मग दुसरा डोळा झाकून तेच करावे. अगदी लहान बाळ एक डोळा झाकल्यावर शांत राहते आणि दुसरा झाकताच रडून हात झटकते, तर दाखवून घ्यावे. नजर तिरपी जाणे, टीव्ही पाहताना मान सतत एका बाजूला कलणे, उन्हात एकच डोळा मिटणे, यांकडे दुर्लक्ष करू नये. बाहुलीत पांढरे दिसले, किंवा छायाचित्रात एका डोळ्यात पांढरी चमक आली, तर त्याच आठवड्यात यावे. घरात कोणास तिरळेपणा किंवा लहानपणापासून मोठा नंबर असेल, तर तक्रार नसतानाही तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदा तपासणी करावी. घरच्या घरी केलेली ही पाहणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. ती रुग्णालयाची वाट दाखविते इतकेच.

आणि ज्यांच्या मुलांची पट्टी सुरू आहे त्यांच्यासाठी : पट्टी लावल्यावर मुलाने अमुकच काम करावे असे बंधन नाही. चित्रे रंगवावीत, मणी ओवावेत, तांदूळ निवडण्यास आजीला मदत करावी. मुलाचे मन रमते आणि पट्टी जागेवर राहते, हा त्याचा उपयोग. भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज पट्टी लावल्याची खूण करावी आणि येताना ते पान घेऊन यावे. ज्या दिवशी जमले नाही त्या दिवशी खूण नसावी. त्याबद्दल येथे कोणी रागावणार नाही. कोरे घर पाहूनच डॉक्टरांना पुढचा निर्णय नीट घेता येतो.

चहापानानंतर बाह्यरुग्ण विभागात मुलांच्या नजरेची तपासणी आहे. सोबत आणलेल्या धाकट्या भावंडांनाही, त्यांची काही तक्रार नसली तरी, रांगेत उभे करावे, ही आग्रहाची विनंती.